जाहीरनामा कसा वाचावा: लाल पेन्सिल, निळी पेन्सिल

फोंड्यात राहतो. मराठी दैनिकात उपसंपादक होतो, परदेशी बातम्या मराठीत आणण्यात जन्म गेला. शेजारचा राज्यशास्त्राचा विद्यार्थी परवा म्हणाला, "काका, चीन आता विचारसरणीवर चालतो की नुसत्या पैशावर?" म्हटलं, देशांच्या परिषदांचे जाहीरनामे वाचून बघू, आणि त्याला दोन पेन्सिली आणायला सांगितल्या.

ज्या वाक्यामागे कर्ज, बंदर, रेल्वे आहे त्याखाली निळी रेघ ओढायची. ज्या शब्दाला दमडी लागत नाही त्याखाली लाल. सरावाला आपल्या बाणावलीतल्या ब्रिक्स (तेव्हा ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका) परिषदेचा, ऑक्टोबर 2016 चा गोवा जाहीरनामा घ्या. परिच्छेद शंभरावर आहेत. जेवणानंतर वाचायला बसू नका. ब्रिक्सच्या बँकेची कर्जं निळी, 'बहुध्रुवीय व्यवस्था', म्हणजे जगात एकाच महासत्तेचं राज्य नको, हे लाल.

मग काय गाळलंय ते बघा. सीरियाच्या संदर्भात इसिसचं नाव आहे. लष्कर-ए-तैयबा, जैश-ए-मोहम्मद कुठंच नाहीत. ती दोन्ही नावं पुढच्या वर्षी चीनमध्येच, शियामेनच्या जाहीरनाम्यात आली. गाळलेल्या जागेवर मी प्रश्नचिन्ह काढतो, तिथं रंग चालत नाही.

यानंतर त्याच देशाचे जुने शब्द शेजारी मांडा. हे काम कंटाळवाणं, पण खरा माल इथंच सापडतो. 1954 मध्ये चीननं आपल्याबरोबर पंचशीलावर सही केली: एकमेकांच्या घरात ढवळाढवळ नाही. जुलै 1967 मध्ये त्यांच्याच पक्षाच्या मुखपत्रानं बंगालमधल्या नक्षलबारीच्या सशस्त्र उठावाचं 'वसंतातली मेघगर्जना' म्हणून स्वागत केलं. आता क्रांती निर्यात करणं बंद आहे. 'तुमची वाट तुमची, आमची आमची' असं म्हणतात, फक्त तैवानचा विषय आला की तो आमचाच माना, अशी अट घालतात. पोरगा म्हणाला, म्हणजे विचारसरणी संपली. माझ्या मते नाही. निवडणुकांबद्दल, तुरुंगांबद्दल कुणी विचारणार नाही, हे आश्वासन कित्येक सत्ताधाऱ्यांना कर्जाइतकंच गोड लागतं.

लाल शब्दात जोर किती, हे मोजायला एकच प्रश्न पुरतो: पैसा न घेता कोण मागं आलं? 18 डिसेंबर 1961 ची सुरक्षा परिषद काढा. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यातून भारतानं सैन्य मागं घ्यावं, या ठरावाला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स धरून सात मतं पडली. सोव्हिएत संघानं नकाराधिकार वापरला, ते सगळ्यांना पाठ आहे. पण विरोधात आणखी तीन हात वर झाले: सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे तेव्हाचा इजिप्त. त्यातला लायबेरिया तर अमेरिकेच्या गोटातला. तेव्हा भारताकडे वाटायला पैसा कुठला? 'वसाहतवाद' या एका शब्दानं ते काम केलं, कारण तो सल त्यांचाही होता.

श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर 2017 मध्ये 99 वर्षांसाठी चिनी कंपनीकडे गेलं, तिथं निळी रेघ कुणीही ओढेल. 'विकास' हा शब्द आला की मात्र दोन्ही पेन्सिली उचला आणि तो वाक्यात कर्त्याच्या जागी कुणाला बसवतो ते बघा.