आपल्या साइटवर आयपीव्ही६ वाले किती येतात ते नीट कसं मोजायचं

आयपीव्ही६ म्हणजे इंटरनेट ॲड्रेसची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही४. बरेच जण सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोण कधी आलं त्याची नोंद, उघडतात, कोलनवाले म्हणजे आयपीव्ही६ चे ॲड्रेस मोजतात आणि टक्केवारी काढून मोकळे होतात, पण तो आकडा फसवा निघू शकतो. आधी ठरवा की मोजायचंय काय. युजरकडे आयपीव्ही६ चालतं का हा एक प्रश्न, आणि चालत असेल तर त्याचा ब्राउजर ते खरंच वापरतो का हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात.

त्यासाठी तीन होस्टनेम, म्हणजे सर्व्हरची नावं, बनवा. पहिल्याला डीएनएसमध्ये फक्त ए रेकॉर्ड (आयपीव्ही४ ॲड्रेसची नोंद), दुसऱ्याला फक्त क्वाड-ए (आयपीव्ही६ ची नोंद), तिसऱ्याला दोन्ही. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट तिघांनाही लागेल. मग पेज लोड झाल्यावर छोट्या स्क्रिप्टने तिन्हीकडून एकेक पिक्सेलची इमेज मागवायची आणि यूआरएलमध्ये तिघांना एकच रँडम नंबर लावायचा, म्हणजे कॅशे (आधीची साठवलेली कॉपी) आडवा येत नाही आणि नंतर लॉगमधल्या तीन ओळी जोडता येतात. टक्केवारी काढताना एकूण पेजव्ह्यूने भागू नका, अर्ध्यात पेज बंद करणारे असतातच, ज्यांची टेस्ट पूर्ण झाली तेवढेच धरा.

दुसरी इमेज आली म्हणजे आयपीव्ही६ चालतं. तिसरी कशावरून आली ते बघा, खरी गंमत तिथे आहे. ब्राउजर आधी आयपीव्ही६ ट्राय करतो आणि साधारण २५० मिलिसेकंदात कनेक्शन झालं नाही तर आयपीव्ही४ पण सुरू करतो, जे आधी जुळेल ते घेतो, याला हॅपी आयबॉल्स म्हणतात. त्यामुळे क्षमता आहे पण येतोय आयपीव्ही४ वरून असे लोक जास्त दिसले तर कुठेतरी रस्ता स्लो आहे, तो शोधा. मला तरी मुख्य टक्केवारीपेक्षा हा फरक जास्त कामाचा वाटतो.

आता लॉगमधले खड्डे. सर्व्हर ड्युअल-स्टॅक सॉकेटवर, म्हणजे एकाच जागी आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही घेणारा, असेल तर आयपीव्ही४ चा ॲड्रेस पण पुढे कोलन कोलन एफएफएफएफ लागून येतो, तो आयपीव्ही६ नाही, आधी गाळा. पुढे सीडीएन (साइट आणि युजरच्या मधले दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर) असेल तर लॉगमध्ये त्याचाच ॲड्रेस दिसतो, युजरचा रिक्वेस्टसोबत येणाऱ्या हेडरमधून घ्यावा लागतो. आणि युनिक ॲड्रेस मोजून युजर मोजू नका प्लीज, प्रायव्हसीसाठी डिव्हाइस ॲड्रेस बदलत राहतं, एकच फोन आठवड्यात बरेच युजर होऊन बसतो. ॲड्रेसचे पहिले ६४ बिट, म्हणजे नेटवर्क सांगणारा अर्धा भाग, घेऊन मोजलं तर बरं, पण तेव्हा घरातले सगळे मिळून एकच दिसतात हे लक्षात ठेवा.

कमीत कमी पूर्ण आठवडा मोजा. गूगल स्वतःकडे येणाऱ्या युजर्सचा ग्राफ काढतं त्यात वीकेंडला आकडा वर जातो, कारण ऑफिसची नेटवर्क मागे आहेत आणि घरचं कनेक्शन, मोबाइल पुढे. फक्त सोमवार मोजला तर कमी दिसणार, रविवार मोजला तर जास्त.

शेवटी आकडे नेटवर्कप्रमाणे, म्हणजे एएस नंबरप्रमाणे (इंटरनेट कंपनीसारख्या प्रत्येक मोठ्या नेटवर्कला दिलेला नंबर) वेगळे करा, कारण सरासरी ३० टक्के आली तरी आत एका नेटवर्कचे ९० आणि दुसऱ्याचे शून्य असू शकतात.