कॅसँड्रात कॉम्पॅक्शन कसं बसवावं: आधी पद्धत, मग आकडे

कॅसँड्रा या डेटाबेसची डिस्क भरत आली, वाचन रेंगाळू लागलं, की पहिला हात जातो तो कॉम्पॅक्शनचा वेग वाढवण्याकडे. बऱ्याचदा वेगाचा दोष नसतोच. टेबलाला न शोभणारी पद्धत लावलेली असते.

थोडं आतलं आधी. कॅसँड्रा एकदा लिहिलेली फाइल पुन्हा उघडून दुरुस्त करत नाही. नव्या नोंदी मेमरीत जमतात आणि एकगठ्ठा एसएसटेबल नावाच्या फाइलीत उतरतात. नोंद बदला किंवा पुसा, दोन्ही गोष्टी नव्याच फाइलीत लिहिल्या जातात. पुसल्याची खूण म्हणजे टूमस्टोन. या फाइली एकत्र करून शिळं काढून टाकणं म्हणजे कॉम्पॅक्शन.

उदाहरणाला असं टेबल घेऊ: चाकणच्या कारखान्यांतून निघालेला प्रत्येक ट्रक दर १० सेकंदांनी आपलं ठिकाण कळवतो आणि ३० दिवसांची टीटीएल, म्हणजे नोंदीला दिलेली मुदत, संपली की ती नोंद बाद होते.

१. आधी नुसतं बघा

‘नोडटूल कॉम्पॅक्शनस्टॅट्स’ ही कमांड चालवून तुंबलेली कामं किती आहेत ते पाहा, गर्दीच्या वेळी आणि पहाटेही. आकडा चढून पुन्हा उतरत असेल तर ठीक; चढतच राहिला तर पुढे वाचा. ‘टेबलहिस्टोग्राम्स’मध्ये एका वाचनाला किती एसएसटेबल उघडाव्या लागतात ते दिसतं. ९५ टक्के वाचनं दोन-तीन फाइलींत आटोपत असतील तर दुखणं कॉम्पॅक्शनचं नाही, दुसरीकडे शोधा.

२. पद्धत ठरवा

काहीच सांगितलं नाही तर साइझ-टिअर्ड मिळते: साधारण सारख्या आकाराच्या ४ फाइली जमल्या की त्यांची एक. लिहिणं जास्त असेल तर चालते, पण मोठ्या फाइली जोडताना जागा खाते. अगदी वाईट वेळी निम्मी डिस्क मोकळी लागते. लेव्हल्ड पद्धत १६० एमबीच्या फाइली पायऱ्यापायऱ्यांनी लावते. तीच नोंद वारंवार बदलणाऱ्या आणि भरपूर वाचल्या जाणाऱ्या टेबलाला ती छान, मात्र तोच डेटा पुन्हा पुन्हा लिहून डिस्कला दमवते. नवा क्लस्टर (एकत्र काम करणारे सर्व्हर; त्यातला प्रत्येक म्हणजे एक नोड) कॅसँड्राच्या ५.० आवृत्तीवर उभा करत असाल तर युनिफाइड पद्धतही तपासून घ्या.

आपल्या ट्रकांना टाइम-विंडो हवी. एका कालखंडाच्या नोंदी एका फाइलीत, आणि सगळ्यांची मुदत संपली की अख्खी फाइलच टाकून द्यायची.

३. विंडो किती मोठी?

टीटीएलच्या काळात साधारण २० ते ३० विंडो पडाव्यात. ३० दिवसांना १ दिवसाची विंडो, म्हणजे ३०. बसलं.

इथे पुण्याच्या मंडळींनी घड्याळाकडे बघावं. विंडोच्या सीमा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे पडतात, त्यामुळे १ दिवसाची विंडो आपल्याकडे पहाटे ५.३० ला मिटते आणि तिच्या फाइली एक करण्याचं काम त्यानंतर सुरू होतं. वेळ बरी. पण कोणी १२ तासांची विंडो लावली तर दुसरी सीमा येते संध्याकाळी ५.३० ला, हिंजवडी सुटण्याच्या आणि तुमच्या डॅशबोर्डवर सगळे तुटून पडण्याच्या मुहूर्तावर.

दुसरी खोच घाटाची. बोरघाटात रेंज गेली की ट्रकवरचं यंत्र नोंदी साठवून ठेवतं आणि मागाहून पाठवतं. त्या नेहमीसारख्या लिहिल्या तर काही बिघडत नाही. पण ॲप ‘यूझिंग टाइमस्टॅम्प’ लावून नोंद लिहिल्याची वेळ म्हणून यंत्राची जुनी वेळ देत असेल, तर ताज्या फाइलीत जुना टाइमस्टॅम्प शिरतो आणि त्या काळातली मुदत संपलेली फाइल अडकून पडते. आपण पुसायला गेलो तर काही जुनं पुन्हा जिवंत होईल अशी कॅसँड्राला शंका येते. घाटातली वेळ वेगळ्या कॉलममध्ये ठेवा.

४. एकाच नोडवर करून पाहा

‘ऑल्टर टेबल’ दिलं की सगळे नोड एकदमच कामाला लागतात. त्यापेक्षा जेएमएक्समधून (चालू नोडची सेटिंग्ज बदलण्याची जावाची सोय) एका नोडवर ‘कॉम्पॅक्शनपॅरामीटर्सजेसन’ बदला आणि पहिल्या पायरीतले दोन्ही आकडे पुन्हा काढा. हा बदल रीस्टार्ट होईपर्यंतच टिकतो. पसंत पडलं की मगच ‘ऑल्टर टेबल’.

५. आता आकडे

कॉम्पॅक्शनची मुळातली वेगमर्यादा ४.० आवृत्तीपासून सेकंदाला ६४ एमबी, त्याआधी १६. ‘नोडटूल सेटकॉम्पॅक्शनथ्रूपुट’ने चालू नोडवर ती बदलते, ० म्हणजे मर्यादाच नाही, आणि गर्दीच्या वेळी तसं करू नये. एकावेळी किती कॉम्पॅक्शन चालावीत तो आकडा डिस्कचा ताण बघूनच वाढवा.

साइझ-टिअर्डवर ‘नोडटूल कॉम्पॅक्ट’ चालवून सगळ्याची एक अजस्र फाइल करू नका. तिच्या जोडीला तेवढ्या आकाराच्या फाइली यायला फार काळ जातो, तोवर तिच्यातलं शिळं तिथेच.

पद्धत बदलल्यावर डिस्क लगेच रिकामी होईल अशी आशा धरू नका. जुन्या मोठ्या फाइलीतली शेवटची नोंद बाद होईपर्यंत ती फाइल अख्खी जात नाही, आणि त्यावर ‘जीसी ग्रेस सेकंद्स’चे, म्हणजे बाद झालेलं पुसण्याआधी थांबायचे, ८,६४,००० सेकंद, म्हणजे १० दिवस. जागेचा हिशोब ३० दिवसांवर न करता ४० वर करा. टेबलात पुसणं मुळीच नसेल, सगळं टीटीएलनेच जात असेल, तर हे १० दिवस कमी करता येतात. पण हिंट्सच्या (बंद पडलेल्या नोडसाठी राखून ठेवलेल्या नोंदींच्या) ३ तासांच्या मुदतीखाली कधीच नको.