नियम सैल होत असतील तर आधी व्याख्या वाचा, मग खड्डा खणा

शेतीविस्तारासाठी पाणथळ जागांचे नियम शिथिल करणारा मसुदा आला की लोक आधी दंड आणि परवानगीची कलमं शोधतात. मी व्याख्यांचं पान उघडते. 'पाणथळ' कशाला म्हणायचं एवढंच बदललं, तरी बाकी कायदा जागच्या जागी राहून जमीन उघडी पडते. अमेरिकेत २०२३ साली सॅकेट खटल्याच्या निकालाने हेच झालं: कायम वाहत्या किंवा साठलेल्या पाण्याशी पृष्ठभागावरून सलग जोडलेल्या पाणथळींपुरतंच केंद्रीय कायद्याचं संरक्षण उरलं. म्हणून 'कायमस्वरूपी', 'सलग', 'किमान क्षेत्र' हे शब्द दिसले की खूण करा. त्यांचा पहिला फटका मोसमी पाणथळींना बसतो. उलट पाणथळींच्या रक्षणासाठीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या व्याख्येत कायम आणि तात्पुरत्या, दोन्ही पाणथळी येतात. मसुद्यावर हरकत नोंदवाल तिच्यात हे जरूर लिहा.

आता पुरावा. कोरड्या दिवसांत कोणी म्हणालं, "इथे पाणी कुठंय?" तर उत्तर मातीत असतं. माती तपासणं हे माझं काम असल्यामुळे माझा सगळ्यात जास्त विश्वास यावर आहे. मालकाची परवानगी घेऊन दीड फूट खोल, उभ्या कडेचा खड्डा खणा आणि कड सुरीने ताजी खरवडा. लोहामुळे माती एरवी तपकिरी-तांबूस दिसते. पाणी बराच काळ मुरून राहिलं की प्राणवायू संपतो, लोह विरघळून निघून जातं आणि मागे राखाडी, कधी निळसर रंग उरतो. त्यात जुन्या मुळांच्या वाटेने गंजाच्या बारीक नारिंगी रेघा दिसतील, कारण मुळांनी तिथवर हवा नेलेली असते. मोजपट्टी लावून फोटो काढा, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश लिहा. जवळच्या उंच जागी दुसरा खड्डा घ्या, म्हणजे फरक कोणालाही दिसेल. एक सावधगिरी: जागेचा निचरा फार पूर्वी झाला असला तरी हे रंग टिकून राहतात, त्यामुळे नुसत्या रंगावर दावा उभा करू नका.

जोडीला उपग्रहचित्रं घ्या. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रं फुकट मिळतात. पाण्याच्या मोसमातली, वेगवेगळ्या वर्षांची निवडा. दाट लव्हाळ्याखालचं पाणी मात्र त्यांत दिसत नाही.

सवलतींच्या यादीत 'अस्तित्वातील चरांची देखभाल' असेल तर तिथे थांबा. पाणथळ बुजवावी लागतच नाही, एक चर हातभर खोल केला तरी आजूबाजूची भूजलपातळी उतरते. 'देखभाल मूळ खोली व रुंदीपुरतीच' हे शब्द घालायला सांगा, आणि आजची खोली स्वतः मोजून ठेवा.

शेतकऱ्यांशी बोलणं टाळू नका, आणि त्यांना आरोपी तर मुळीच करू नका. जमीन वाढवण्यामागे पोटाचा प्रश्न असतो. पण काळ्याभोर, कुजक्या वनस्पतींच्या पीट मातीतून पाणी काढलं की ती हवा लागून हळूहळू कुजून विरत जाते आणि खचते. इंग्लंडमधल्या होम फेनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जमिनीच्या पातळीपर्यंत रोवलेला लोखंडी खांब आज सुमारे चार मीटर उघडा पडलाय, म्हणजे जमीन तेवढी खचली. अशी खचलेली शेती पुढे पंपांच्या जिवावर चालवावी लागते. हा हिशेब शेतकऱ्याला माझ्यापेक्षा लवकर कळतो.

हरकत मुदतीच्या आत, लेखी द्या. एका परिच्छेदात एकच कलम घ्या: मसुद्यातलं वाक्य, त्यामुळे कोणती जागा बाहेर पडते, तिचा पुरावा आणि तुम्हाला हवं असलेलं पर्यायी वाक्य. नुसतं 'निषेध' लिहिलेला कागद बाजूला सारणं फार सोपं असतं. पोच घ्या. अंतिम नियम छापून आला की तो मसुद्याशेजारी ठेवून ओळीने वाचा आणि त्याच दिवशी वकिलाला विचारा, कारण दाद मागण्याची मुदत बहुधा छापल्या तारखेपासून मोजतात.