माणशी दोन गोब्लिन

डी अँड डी, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळातली माझी पहिली चकमक मी पंगतीच्या अंदाजाने मांडली होती. खेळणारे चौघे, सगळे पहिल्या लेव्हलचे. माणशी दोन भाकरी, तसे माणशी दोन गोब्लिन, म्हणजे छोटे राक्षस. (घरी 'एन्काउंटर' म्हणायची सोय नाही, आईला पोलीस आठवतात.) अशोक चौकाजवळ मित्राच्या घरी, मे महिन्यात, कूलरसमोर बसून पात्रं बनवायला दोन तास लागले. तिसऱ्या फेरीत चौघेही आडवे. चादरीच्या खोक्याचा पुठ्ठा मी डीएमचा (खेळ चालवणाऱ्याचा) पडदा म्हणून उभा केला होता, त्याच्यामागून तोंड बाहेर काढवेना.

चूक पुस्तकात नव्हती, मी अर्धंच पान वाचलं होतं. 2014 च्या नियमांत एका गोब्लिनचे 50 एक्सपी (त्याला हरवल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण), आठांचे 400. पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी 'डेडली', म्हणजे जीवघेण्या चकमकीची हद्द 400 पासूनच सुरू होते. शिवाय शत्रू सात ते दहा असले की बेरजेला अडीचने गुणायचं, म्हणजे हिशोबाला 1000. 2024 च्या पुस्तकात हा गुणक काढलाय. तिथे हेच 400 'हाय' या सगळ्यात अवघड पायरीच्या बजेटमध्ये चपखल बसतात, तेव्हा नव्या पुस्तकावरून चालवणाऱ्यांनी जास्तच जपावं.

गुणक कशासाठी होता, ते मला फासे मोजल्यावर कळलं. समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, 15 धरा. (आम्ही त्याला 'एसी' म्हणत नाही. मे महिन्यात सोलापुरात तो शब्द काढला की खेळ थांबतो.) गोब्लिनच्या हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशात +4, म्हणजे निम्मे वार लागतात. आठांतले चार लागले, प्रत्येकी सरासरी साडेपाच, फेरीला 22. आता 450 एक्सपीचा एकटा ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, घ्या. त्याचा घाव सरासरी 13 चा, पण फेरीला एकच आणि शंभरात साठ वेळा लागणारा. सरासरी जेमतेम आठ. एक्सपी जवळपास सारखे, मार जवळजवळ तिप्पट. गोब्लिन मरत जातात तसा तो उतरतो हे खरं, पण पहिली फेरी कुणाची, यावर बरंच ठरतं.

पण म्हणून ओगर सोपा समजू नका. आठ हिट पॉइंटच्या (जीव मोजायचे गुण) विझार्डला, म्हणजे जादूगाराला, एका घावात 16 बसले तर तो बेशुद्ध पडत नाही, जागीच मरतो. म्हणून कागदावर मी आता दोनच आकडे लिहितो: शत्रूचा फेरीतला एकूण मार, आणि त्याचा सगळ्यात मोठा घाव आमच्या सगळ्यात नाजूक गड्याला काय करील.

पाचव्या लेव्हलला हे गणित उलटतं. फायरबॉल या आगीच्या मंत्राचे आठ फासे सरासरी 28; सात हिट पॉइंटचे गोब्लिन बचावाचा फासा जिंकूनही सहसा वाचत नाहीत. अर्थात विझार्डकडे ती ताकद उरलेली हवी. जुनं पुस्तक दिवसाला सहा ते आठ चकमकी धरून चालतं. आमच्या रविवारी दोन झाल्या तरी खूप. ताज्यातवान्या टोळीपुढे 'हार्ड'सुद्धा फुसका निघतो. त्यामुळे मी दोन-तीन शत्रू झाडीत ठेवतो, लागले तर काढायचे.

गेल्या महिन्यात पुन्हा ओगर आणला, सगळं मोजून. आमच्या चोराने त्याच्यापुढे कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली. मी म्हटलं, टाक फासा. सतरा पडले.