इंजिनिअरिंगच्या फीसाठी लोन काढताय? आधी दाखले, मग फी, बँक त्यानंतर

सीईटीचा स्कोअर लागला की घरात पहिला प्रश्न येतो, लोन किती मिळेल. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या नंबरला विचारायचा. आधी फी मुळात किती कमी होतेय ते बघायचं, मग जे उरेल तेवढ्याचंच लोन काढायचं, आणि लोनचा पहिला हप्ता कॉलेजला गेला की त्या महिन्यापासून व्याज भरायला लागायचं. लोक अर्धा टक्का व्याजदरासाठी चार बँका फिरतात पण हा क्रम चुकल्यामुळे लाख-दोन लाख जातात ते कुणी मोजत नाही.

हे सगळं महाराष्ट्रात कॅप राऊंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांसाठी लिहितोय, फार्मसीवाल्यांना पण बरंचसं लागू होईल. परदेशात जाणाऱ्यांचं गणित वेगळं, ते इथे नाही.

सुरुवात दाखल्यांपासून. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो, डोमिसाइल लागतं, ओबीसी-एसईबीसी असाल तर नॉन क्रिमीलेयर, आरक्षणातून सीट घेणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्र. जून महिन्यात सेतूच्या बाहेर जी लाईन असते ती बघितली की कळतं सगळ्यांना एकाच वेळी आठवण झालीये. उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्ये नवीन आर्थिक वर्ष सुरू झालं की लगेच टाकायचा, आपले सरकारवरून घरबसल्या टाकता येतो. नॉन क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते तेव्हा जुनं आहे म्हणून गाफील राहू नका, तारीख बघा. आणि जात वैधतेचा अर्ज बारावीला असतानाच कॉलेजमार्फत टाकून मोकळं व्हायचं, ती समिती तुमच्या कॅप राऊंडसाठी थांबत नाही. अजून एक बारीक गोष्ट, मुलाचं बँक खातं आधारला लिंक आहे का ते बँकेत जाऊन विचारा, नुसतं केवायसीला आधार दिलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी सीडिंग झालेलं असणं वेगळं. स्कॉलरशिप मंजूर होऊन पैसे अडकतात ते बरेचदा इथेच.

आता फी. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, कॉलेजवाइज आकडे त्यांच्या साईटवर असतात. ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी तिथला आकडा बघायचा, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेला नाही. मग सवलत. ओपनमधला मुलगा असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, ज्याला सगळे ईबीसी म्हणतात, त्यात ट्यूशन फीच्या ५० टक्के मिळतात. ओबीसीला पण ५० टक्क्यांची योजना आहे. मुलगी असेल तर अजून चांगलं, २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. एससी, एसटी, व्हीजेएनटी यांच्या योजना वेगळ्या आहेत आणि त्यातल्या काहींत पूर्ण फी निघते. सगळं महाडीबीटी पोर्टलवर, आणि दरवर्षी रिन्यूअल करावं लागतं, सेकंड इयरला विसरलेली मुलं खूप बघितलीत.

पण यात एक अट आहे जिच्यावर लोकांचं घोडं अडतं, अ‍ॅडमिशन कॅपमधून झालेलं पाहिजे. मॅनेजमेंट कोटा किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलने सीट घेतली की ही सवलत गेली. मुलींच्या फी माफीत अभिमत आणि खासगी विद्यापीठंही बसत नाहीत. त्यामुळे नातेवाईक जेव्हा सांगतात ना, "अरे तिथे एक ओळख आहे, कोट्यातून करून देतो", तेव्हा नुसतं डोनेशन मोजू नका, चार वर्षांची गेलेली सवलत पण त्यात धरा. थोडं खालच्या नंबरचं कॉलेज पण कॅपमधून, हे मला बहुतेक वेळा जास्त परवडणारं वाटतं. कॉलेजवाले सहा मजली बॅनरवर सगळ्यात मोठं पॅकेज लिहितात, तुम्ही विचारायचं की तुमच्या ब्रँचची किती मुलं प्लेसमेंटला बसली, किती लागली आणि पॅकेजच्या क्रमाने मधोमध येणाऱ्या मुलाला किती मिळाले. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

सवलत बहुतेक ट्यूशन आणि परीक्षा फीवरच असते, डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस हे पदरचंच. सवलतीची रक्कम प्रवेशाच्या वेळी मुलाकडून घेऊ नये असं शासनाचं म्हणणं असतं, तरी काही ठिकाणी "आधी पूर्ण भरा, नंतर परत देऊ" चालतं. तसं कुणी म्हणालं तर शासन निर्णय काढून ठेवा आणि लेखी मागा, आवाज चढवायची गरज नाही.

आता किती लोन लागतंय ते खरं कळलं. कॉलेजकडून चारही वर्षांचं फी स्ट्रक्चर लेटरहेडवर घ्या, त्यात हॉस्टेल-मेस, पुस्तकं, परीक्षा फी, शक्य असेल तर लॅपटॉप पण लिहून घ्या, कारण बँक त्या पत्रात असतं तेवढंच धरते. आणि जास्त मंजूर होतंय म्हणून जास्त उचलू नका. मंजुरी मोठी ठेवून दरवर्षी गरजेपुरतंच काढता येतं, व्याज काढलेल्या पैशावरच लागतं.

बँकेत जायच्या महिनाभर आधी वडिलांचा क्रेडिट रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. एज्युकेशन लोनमध्ये आई किंवा वडील सहकर्जदार असतात, आणि पाच वर्षांपूर्वीच्या मोबाईलच्या ईएमआयचे दोन हजार थकलेले दिसले तरी फाईल अडकते. ते आधीच भरून नो ड्यूज घेऊन ठेवा.

काउंटरवर साधारण काय होतं ते सांगतो. तुम्ही फाईल पुढे करता आणि साहेब वर न बघता म्हणतात, "काका, तुम्ही आमच्या एरियात येत नाही, तुमच्या गावच्या शाखेत जा." रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना सांगितलंय की सर्व्हिस एरियाचं कारण देऊन एज्युकेशन लोन नाकारू नका. पुढचा डायलॉग असतो, "तारण काय देता, शेत आहे का?" ४ लाखांपर्यंत तारण घ्यायचं नाही आणि मार्जिनही नाही, म्हणजे खर्चातला काही हिस्सा आपण पदरचा घालायची अटही नाही. साडेसात लाखांपर्यंत केंद्राची क्रेडिट गॅरंटी योजना आहे, त्याखाली दिलेल्या लोनला तारण पण नाही आणि तिऱ्हाईत जामीनदार पण नाही. तुम्ही शांतपणे एवढंच म्हणायचं, "साहेब, क्रेडिट गॅरंटीमधून करून द्या ना, आणि नाही होत असेल तर कारण लिहून द्या." लिहून द्यायची वेळ आली की निम्म्या वेळा काम पुढे सरकतं. तक्रार द्यायचीच असेल तर आधी बँकेकडे लेखी, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उत्तर पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाईन, पैसे लागत नाहीत.

अर्ज शाखेत देण्यापेक्षा विद्यालक्ष्मी पोर्टलवरून टाकलेला बरा, नंबर मिळतो आणि "तुमची फाईल आलीच नाही" हे कुणाला म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली, त्यात ठरावीक चांगल्या संस्थांच्या यादीत तुमचं कॉलेज असेल तर तारण आणि जामीनदाराशिवाय लोन मिळतं, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या लोनवर मोरॅटोरियममध्ये (कोर्स आणि त्यानंतरचं एक वर्ष, हप्ता नसतो तो काळ) ३ टक्के व्याज सवलत. मात्र दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेणाऱ्याला ही ३ टक्के मिळत नाही. फी सवलत आणि ही यात निवड करायची वेळ आली तर डोळे झाकून फी सवलत. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मात्र व्याज अनुदानाची जुनी केंद्रीय योजना नक्की विचारा, प्रोफेशनल कोर्स आणि मान्यताप्राप्त कॉलेज असेल तर कोर्स अधिक एक वर्षाचं पूर्ण व्याज सरकार भरतं. क्लेम बँकेने टाकायचा असतो, तेव्हा दर वर्षी शाखेत जाऊन आठवण करायची जबाबदारी आपली.

लोनबरोबर एक इन्शुरन्स पण हळूच चिकटवतात, प्रीमियम लोनमध्येच टाकून. सही करायच्या आधी विचारा की हे सक्तीचं आहे का, आणि असेल तर कुठल्या नियमाने ते लेखी द्या. वडिलांच्या किंवा मुलाच्या नावावर साधा टर्म प्लॅन बाहेरून किती पडतो तेही बघा, बऱ्याचदा स्वस्त पडतो.

आता व्याज, सगळ्यात जास्त पैसे इथे जातात म्हणून नीट वाचा. समजा दरवर्षी दीड लाख, चार वर्षांत ६ लाख, व्याज १० टक्के. कोर्स आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नाही, यालाच मोरॅटोरियम म्हणतात, आणि लोकांना वाटतं तोपर्यंत काही नाही. व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. पहिल्या वर्षी महिन्याला १,२५०, दुसऱ्या वर्षी २,५००, तिसऱ्या वर्षी ३,७५०, चौथ्या आणि पाचव्या वर्षी ५,०००. काहीच भरलं नाही तर पाच वर्षांत २ लाख १० हजार साठतात, ते मुद्दलात मिसळतात आणि हप्ता ८ लाख १० हजारांवर सुरू होतो. दहा वर्षांसाठी तो साधारण १०,७०० बसतो. व्याज भरत आलात तर ६ लाखांवर साधारण ७,९३०. म्हणजे महिन्याला पावणेतीन हजारांचा फरक, आणि दहा वर्षांच्या हप्त्यांत तीन लाख तेहतीस हजारांच्या आसपास, त्यातून आधी भरलेलं २ लाख १० हजार व्याज वजा केलं तरी सव्वा लाखाच्या आसपास वाचतात. पहिल्या वर्षीचे साडेबाराशे म्हणजे घरातल्या दोन-तीन मोबाईलच्या रिचार्जपेक्षा थोडेच जास्त, ते कुणालाही जमतात. नंतरचे पाच हजार सगळे नाही जमले तर निम्मे भरा, तेवढंच कमी साठेल. शिवाय कोर्सच्या काळात व्याज भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात एक टक्का सूट देतात आणि मुलींना अर्धा टक्का, पण न विचारता कुणी सांगेलच असं नाही. साडेचार लाखांच्या आतली सबसिडी लागू असेल तर अर्थात हे व्याज आपण भरायची घाई करायची नाही, आधी क्लेम गेला का ते बघायचं.

नोकरी लागली की पहिले सहा महिने मुलाने हप्त्याव्यतिरिक्त जमेल तेवढं मुद्दलात टाकावं, बाईक नंतर. फ्लोटिंग रेटच्या लोनवर व्यक्तीला प्रीपेमेंट पेनल्टी नसते. हे पैसे टाकताना शाखेत सांगा की मुदत कमी करा, हप्ता नको, कारण मुदत कमी झाली तर व्याज जास्त वाचतं.

"टॅक्स वाचतो म्हणून लोन ठेवावं" हे सल्ले देणारे भेटतील. एज्युकेशन लोनच्या टॅक्स सवलतीत, जिला सगळे ८०-ई म्हणतात, फक्त व्याज वजा होतं, ते पण आठ वर्षं आणि फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये. नव्या रिजीममध्ये २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तसाही टॅक्स लागत नाही, मग नुकत्याच लागलेल्या पोराने टॅक्ससाठी लोन लांबवण्यात काय अर्थ आहे ते मला तरी कळलेलं नाही. वडील जुन्या रिजीममध्ये असतील आणि कर्जदार म्हणून तेच व्याज भरत असतील तर त्यांना फायदा होतो, ते सीएला विचारून घ्या.

शेवटचा हप्ता गेला की काम संपलं असं नाही. बँकेकडून नो ड्यूज घ्या, आणि महिना-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून तिथे खातं क्लोज्ड दिसतंय का बघा. घर किंवा प्लॉट तारण ठेवला असेल तर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात, बँकेच्या चुकीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद घेताना लोन देतेवेळी बनवलेली यादी सोबत न्या आणि एकेक पान टिकमार्क करूनच पोच द्या.