बायोसायन्सचं पहिलं वर्ष: प्रॅक्टिकल, रिपोर्ट आणि उजळणीची तयारी

पहिल्या वर्षात मार्क जातात ते क्रेब्ज चक्र अवघड असतं म्हणून फारसे नाही. ते जातात मिलीमोलरचं मायक्रोमोलर करताना तीन शून्यं हरवतात तेव्हा, आलेखाच्या अक्षावर एकक लिहायचं राहतं तेव्हा, ब्लँक (नमुना सोडून बाकी सगळं असलेलं तुलनेचं द्रावण) न लावता रीडिंग घेतलं जातं तेव्हा. ऐन वेळी विचार करायला सवड नसते अशाच या गोष्टी. त्यामुळे ही यादी कामाच्या क्रमाने लावली आहे.

सत्राच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मॉड्यूलची माहितीपुस्तिका उघडून मूल्यमापनाचं पान वाचा आणि सगळ्या तारखा एकाच कॅलेंडरमध्ये टाका. तारखेशेजारी त्या कामाचा टक्का लिहा. ५ टक्क्यांच्या क्विझवर दोन दिवस आणि ३० टक्क्यांच्या रिपोर्टवर एक रात्र, हा उलटा हिशेब टक्का डोळ्यासमोर नसला की हमखास होतो. उशिरा दिल्यास किती मार्क कापतात, संदर्भ कोणत्या पद्धतीने द्यायचे आणि परीक्षेत कोणता कॅल्क्युलेटर चालतो, हेही तेव्हाच बघून ठेवा.

लॅबच्या बॅगेत पूर्ण बाह्यांचा सुती कोट, गॉगल, पक्क्या शिलाईची वही, पेन, २एच पेन्सिल, पट्टी, कॅल्क्युलेटर आणि बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर हवा. पायात बंद बूट, केस बांधलेले. वहीची पानं आधीच क्रमांक घालून ठेवा आणि खाडाखोड एका रेघेनेच करा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. मार्करची शाई इथेनॉलने पुसली जाते, म्हणून पेट्री डिशवर लिहायचं ते तळाच्या बाजूला, कडेला धरून: नावाची आद्याक्षरं, तारीख, माध्यम, डायल्यूशन (नमुना किती पट पातळ केला). झाकणावर लिहिलं आणि झाकणं बदलली गेली की सगळा प्रयोगच अनाथ होतो.

खरी तयारी आदल्या रात्रीची. प्रोटोकॉल नुसता वाचू नका, हाताने त्याचा प्रवाहतक्ता काढा आणि प्रत्येक चौकटीत आकारमान, तापमान, वेळ लिहा. मग सगळी आकडेमोड तिथेच संपवा. १ मोलर स्टॉकपासून (आधी करून ठेवलेल्या तीव्र द्रावणापासून) ५० मिलीमोलर ट्रिस (एक बफर) २५० मिलि हवं असेल, तर सी१व्ही१ = सी२व्ही२ (सी म्हणजे तीव्रता, व्ही म्हणजे आकारमान) या सूत्राने स्टॉक लागतो १२.५ मिलि, बाकी पाणी. ०.१५ मोलर सोडियम क्लोराइड ५०० मिलि करायचं तर ५८.४४ × ०.१५ × ०.५, म्हणजे ४.३८ ग्रॅम. पावडर सुमारे ४०० मिलि पाण्यात विरघळवायची आणि नंतर ५०० च्या खुणेपर्यंत भरायचं. ५०० मिलि पाण्यात थेट पावडर टाकली तर अंतिम आकारमान ५०० राहत नाही. बाटलीवरचं रेणुवस्तुमान नीट वाचा. निर्जल कॉपर सल्फेटचं १५९.६ आहे आणि पाच पाण्याच्या रेणूंसहच्या निळ्या स्फटिकांचं २४९.७. पहिला आकडा धरून दुसरी पावडर मोजली तर द्रावण एक तृतीयांशाहूनही जास्त फिकं होतं आणि पुढचं काहीच जुळत नाही.

डायल्यूशनबद्दल जरा जास्त लिहावं लागेल, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ‘१:१०’ असं लिहूच नका. कोणी त्याचा अर्थ एकूण दहा भाग असा घेतो, कोणी एक अधिक दहा असा. ‘दहापट’ लिहा: १ मिलि नमुना, ९ मिलि डायल्युएंट (पातळ करायचा द्रव). मालिकेत पुढच्या नळीकडे जाताना दर वेळी नवी टिप घ्या आणि आधीची नळी नीट मिसळल्याशिवाय त्यातून काही उचलू नका, कारण एका नळीतली चूक पुढच्या सगळ्या नळ्यांत उतरते. प्लेटवरच्या वसाहती मोजताना ३० ते ३०० मधली प्लेट धरतात. त्याहून कमी असतील तर योगायोगाचा वाटा फार मोठा होतो, जास्त असतील तर वसाहती एकमेकींत मिसळतात. समजा दहाचा उणे पाचवा घात या डायल्यूशनमधून ०.१ मिलि पसरलं आणि १५० वसाहती आल्या. मूळ नमुन्यात प्रति मिलि १५० भागिले ०.१, भागिले ०.००००१, म्हणजे १५ कोटी, १.५ गुणिले दहाचा आठवा घात. ०.१ ने भागायचं विसरलं की उत्तर बरोबर दहापटीने चुकतं. तपासणाऱ्याला ते एका नजरेत कळतं.

मायक्रोपिपेटला दोन थांबे असतात. द्रव घ्यायचा तो पहिल्या थांब्यापर्यंत दाबून, सोडायचा तो दुसऱ्यापर्यंत दाबून. घेतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबलं तर टिपमध्ये जास्त द्रव येतो. बटण झटक्यात सोडलं तर हवेचा बुडबुडा येतो, आणि द्रव पिपेटच्या आत उडतो तो वेगळाच. पी२० हा २ ते २० मायक्रोलिटरसाठी, पी२०० हा २० ते २०० साठी, पी१००० हा १०० ते १००० साठी. ५० मायक्रोलिटर पी१००० ने मोजणं म्हणजे अंदाजपंचे. हात बसलाय का ते बघायला १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा तराजूवर टाका. दर वेळी ०.१ ग्रॅमच्या आसपास आलं पाहिजे. एन्झाइम बहुधा ग्लिसरॉलमध्ये ठेवलेलं असतं, जड असल्याने तळाशी बसतं, तेव्हा ते सगळ्यात शेवटी घालून हलक्या हाताने मिसळा. दहा नळ्यांची अभिक्रिया असेल तर सामाईक मिश्रण अकरा नळ्यांचं करा, शेवटच्या नळीला कमी पडत नाही.

स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या ब्लँकमध्ये नमुना सोडून बाकी सगळं असायला हवं, नुसतं पाणी नव्हे. क्युव्हेट (नमुना ठेवायची छोटी चौकोनी नळी) खडबडीत बाजूंनी धरा. २६० किंवा २८० नॅनोमीटरवर साधं प्लास्टिकचं क्युव्हेट स्वतःच प्रकाश शोषतं, तिथे क्वार्ट्झ लागतं. अ‍ॅब्सॉर्बन्स (नमुन्याने प्रकाश किती शोषला त्याचं माप) २ आलं तर डिटेक्टरपर्यंत फक्त १ टक्का प्रकाश पोचतोय, त्या आकड्यावर विसंबू नका. ब्रॅडफर्डमध्ये (प्रथिन मोजायच्या चाचणीत) ५९५ नॅनोमीटरला नमुना सर्वात वरच्या स्टँडर्डच्याही (माहीत तीव्रतेच्या नमुन्याच्याही) पुढे गेला, तर रेघ लांबवून उत्तर काढायचं नाही. नमुना पातळ करून पुन्हा मोजायचा आणि शेवटी तेवढ्या पटीने गुणायचं.

सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोरच्या नळ्या वजनाने सारख्या करा आणि प्रोटोकॉलमध्ये ‘जी’ (गुरुत्वाच्या किती पट बल) लिहिलंय की ‘आरपीएम’ (मिनिटाला किती फेरे) ते बघा. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर ३००० आरपीएम म्हणजे जेमतेम १००० जी. अ‍ॅगरोज जेलमध्ये डीएनए ऋणभारित असल्याने धन ध्रुवाकडे जातो, म्हणून विहिरी (नमुना भरायचे जेलमधले खळगे) ऋण बाजूला ठेवा. वीज चालू केल्यावर तारेपाशी बुडबुडे येतात ना, एवढं बघूनच खुर्चीत बसा. मायक्रोस्कोपवर सुरुवात सर्वात कमी शक्तीच्या लेन्सने. तेल फक्त १००एक्स लेन्सला, ४०एक्सला लागलं तर लगेच पुसायला सांगा. आयपीसमधली मोजपट्टी प्रत्येक लेन्ससाठी नव्याने कॅलिब्रेट करावी लागते. आकृतीत शेडिंग नको, सलग एकेरी रेघ हवी, नावांच्या रेघा पट्टीने काढलेल्या आणि एकमेकींना न छेदणाऱ्या. वर्धन लिहिताना चित्राचा आकार भागिले प्रत्यक्ष आकार. लेन्सवरचा आकडा हे उत्तर नव्हे.

रिपोर्टचा निकालांचा भाग त्याच संध्याकाळी लिहा, मग प्रस्तावना सावकाश. तक्त्याचं शीर्षक वर, आलेखाचं खाली, आणि ते वाचून बाकी मजकूर न बघता आलेख समजला पाहिजे: काय मोजलं, एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) किती, एरर बार प्रमाण विचलनाचे की प्रमाण त्रुटीचे. एकाच नमुन्याची तीन रीडिंग म्हणजे एन तीन नव्हे, तो एकच. जातीचं शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरात, पहिल्यांदा पूर्ण, नंतर संक्षिप्त. आनुवंशिकतेच्या ९:३:३:१ गुणोत्तरासाठी काय-स्क्वेअर (मोजलेले आकडे अपेक्षेशी जुळतात का याची चाचणी) लावताना मोजलेले प्रत्यक्ष आकडे घ्या, टक्के घेतले की चाचणी निरर्थक होते. तीन मुक्ततांशांना (चार गट वजा एक) ०.०५ पातळीवर सीमा ७.८१५ आहे, तुमचं मूल्य त्याखाली असेल तर ‘गुणोत्तर सिद्ध झालं’ असं लिहू नका, ‘गुणोत्तराशी विसंगत नाही’ एवढंच लिहा. आणि चर्चेत ‘ह्युमन एरर’ हे दोन शब्द मुळीच नकोत. त्यातून काहीच कळत नाही. कोणती चूक, तिने निकाल कोणत्या दिशेने सरकला, साधारण किती, हे लिहा. नळ्या ३७ अंशांना आधी गरम केल्या नसतील तर सुरुवातीचा वेग खऱ्यापेक्षा कमी दिसेल, हे वाक्य मार्क मिळवतं.

गटात काय वाटून घ्यायचं याची सीमा आधीच ठरवा. गटाने मिळून घेतलेली रीडिंग सगळ्यांची, पण विश्लेषण, आलेख आणि वाक्यं प्रत्येकाची. लिहिलेल्या रिपोर्टची फाइल ‘फक्त बघायला’ म्हणूनही देऊ नका. मजकूर जुळला तर देणाऱ्यालाही जबाबदार धरलं जाऊ शकतं. नोट्स, स्वतः बनवलेले प्रश्न, जुन्या पेपरवरची चर्चा खुशाल वाटा. मात्र दुसऱ्याच्या नोट्समधला आकडा व्याख्यानाशी ताडून घ्या. एका ग्लुकोजमागे एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) किती, याला जुन्या पुस्तकांत ३६ ते ३८ आहे आणि नव्यांत ३० ते ३२, कारण इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या एनएडीएचमागे ३ ऐवजी २.५ आणि एफएडीएच२ मागे २ ऐवजी १.५ एटीपी आता धरतात. परीक्षेत तुमच्या प्राध्यापकांनी वापरलेला हिशेब लिहा आणि गृहीतक एका वाक्यात सांगा.

उजळणीत पुन्हा पुन्हा वाचणं हा सर्वात सुखद आणि सर्वात निरुपयोगी प्रकार. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे. तेव्हा व्याख्यानाच्या दिवशीच कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं काढा, मग दोन दिवसांनी, आठवड्याने, तीन आठवड्यांनी. पाठच करायला हवं असं फार थोडं आहे: वीस अमिनो आम्लं, त्यांचे भार आणि एकाक्षरी खुणा (के म्हणजे लायसिन, डब्ल्यू म्हणजे ट्रिप्टोफॅन, क्यू म्हणजे ग्लुटामिन, इथे गफलत होते), ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या आणि त्यातल्या परत न फिरणाऱ्या तीन: हेक्सोकायनेज, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज, पायरुव्हेट कायनेज. बाकी मार्ग काढून बघा आणि स्वतःला विचारा, हे एन्झाइम बंद पडलं तर काय साचेल? बफरचे प्रश्न हाताने सोडवा: अ‍ॅसिटिक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं आम्ल विघटित होतं तो) ४.७६, पीएच ५.७६ असेल तर अ‍ॅसिटेट आणि आम्ल यांचं प्रमाण दहास एक. जुने पेपर शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका. पहिला आताच सोडवा, कमी मार्क पडू देत. काय वाचायचं ते त्यातूनच कळतं.

परीक्षेत एकूण मिनिटांना एकूण मार्कांनी भागून प्रत्येक प्रश्नाशेजारी वेळ लिहा. निबंधाला आराखड्यासाठी पाच मिनिटं काढाच. चार पर्यायांच्या प्रश्नात चुकीला एक तृतीयांश मार्क कापत असतील, तर आंधळ्या अंदाजाची सरासरी कमाई शून्य येते, पण एक पर्याय खात्रीने बाद झाला की उत्तर देणंच फायद्याचं. एक चतुर्थांश कापत असतील तर आंधळा अंदाजही किंचित फायद्यातच. कॅल्क्युलेटरवर ‘लॉग’ आणि ‘एलएन’ ही वेगळी बटणं आहेत. पीएचला पहिलं, वाढीच्या दराला बहुधा दुसरं.