माहेरी बाळंतपणाला येताय? झबली-दुपट्यांच्या आधी ही तयारी

डिलिव्हरीला नागपूरला माहेरी येणार असाल तर झबली, दुपटी, डिंकाचे लाडू ही यादी आई करेलच, ही यादी आहे तुमच्या दुधातल्या लोह-झिंक-आयोडीनची. आधी एक सांगून ठेवते म्हणजे फुकटची धावपळ वाचेल, दुधातलं लोह आणि झिंक तुमच्या जेवणाने फारसं कमीजास्त होत नाही, आयोडीन आणि सेलेनियम मात्र होतं. त्यामुळे "तू नीट खात नाहीस म्हणून दूध कसदार नाही" असं कोणी म्हटलं तर हो म्हणा नि सोडून द्या.

पहिलं काम मिठाचं. पाकिटावर हसऱ्या सूर्याचं चिन्ह आणि आयोडीनयुक्त असं लिहिलंय का बघा, कारण बाळंतिणीला सैंधवच बरं म्हणून मिठाचा डबा बदलणारी एक मावशी प्रत्येक घरात असतेच, आणि साध्या सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं. समुद्र आपल्यापासून कुठच्या कुठे, समुद्रातली मासळी काही रोज ताटात नसते, मग आयोडीन यायचं ते मुख्यतः मिठातूनच, आणि दूध पाजणाऱ्या बाईला दिवसाला 250 मायक्रोग्रॅम लागतं. याचा अर्थ मीठ जास्त खा असा नाही बरं का! नेहमीएवढंच, पण घट्ट झाकणाच्या डब्यातलं, गॅसपासून लांब ठेवलेलं आणि वरण शिजल्यावर घातलेलं. थायरॉईडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

मग गोळ्या. 60 मिलीग्रॅम लोहाची ती सरकारी गोळी डिलिव्हरीनंतरही 180 दिवस घ्यायची असते, पण बाळ झालं की गोळ्यांचा पत्ता कपाटात जातो. ती दुधासाठी नाहीच, तुमच्या स्वतःच्या रक्तासाठी आहे. चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबत तर नकोच, दोन तासांचं अंतर ठेवा, संत्र्यांचा सीझन असेल तर सोबत दोन फोडी, नाहीतर लिंबूपाणी. शी काळी होते, घाबरू नका.

डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवायची गोष्ट म्हणजे नाळ. बाळ ठीक असेल तर निदान एक मिनिट थांबून कापा म्हणावं. लीटरभर दुधात लोह अर्धा मिलीग्रॅमही नसतं, ते पचतं छान, पण बाळ पहिले सहा महिने काढतं ते मुख्यतः जन्माच्या वेळच्या साठ्यावर, आणि त्या मिनिटात साठा वाढतो. बाळ लवकर झालं किंवा वजन कमी भरलं तर लोहाचे थेंब कधीपासून द्यायचे तेही विचारा. आणि पहिला पिवळा चीक कोणी काढून टाकायला सांगितला तर ऐकू नका, झिंक सगळ्यात जास्त त्यातच, पुढे ते उतरतच जातं.

सहाव्या महिन्यापर्यंत साठा संपत आलेला असतो, तेव्हा वाटी-चमचा तयार ठेवा, पण वरणाचं वरचं पाणी पाजून काही होत नाही हो, घट्ट वरण कुस्करून, मोड आलेल्या मुगाची मऊ खिचडी, चालत असेल तर पूर्ण शिजलेलं अंडं, मऊ खिमा (सावजी नव्हे!). गाईचं दूध वर्षाच्या आत पोटभर पाजू नका, त्यात लोह नसल्यातच जमा. लोहाचं सिरप आशाताईंकडे मिळतं, आठवड्यातून दोनदा 1 मिली, म्हणून अंगणवाडीत बाळाचं नाव आधीच घालून ठेवा, सासरी परत जाणार असाल तर तिथल्या.